हृदयाची तोंडी परीक्षा

समोरच्या इमारतीतून पाच जण निघाले, हे कळलं तेव्हा हेडसरांना पहिला धक्का बसला. दुसरा धक्का याचा, की ते पाचही जण गॅलरीत उभे राहून ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला हसतमुखाने सांगत होते, जणू काही नंबरच आलाय.

'निघाले' म्हणजे काय, तर त्यांची हृदयं कधीपासून थकलेली होती आणि त्याचा त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. डॉक्टरी भाषेत हार्ट फेल्युअर. मोठ्या हॉस्पिटलची माणसं सध्या एकेका इमारतीत जाऊन पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांना तपासत होती. काही प्रश्न विचारायचे, पायांवर सूज आहे का बघायचं, बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि हृदयावर ताण दिसला तर पुढच्या तपासणीला बोलवायचं. दम लागतो, पाय सुजतात, तर लोक 'वय झालं' म्हणून सोडून देतात, म्हणून ही सगळी खटपट. पुढचा नंबर हेडसरांच्या इमारतीचा होता.

हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि इमारतीचे सेक्रेटरी. त्यांच्या शाळेचा निकाल दरसाल शंभर टक्के लागायचा. तो कसा लागायचा हे विचारायची शिक्षण खात्याचीही छाती नव्हती. समोरच्या इमारतीचा निकाल ऐकल्यावर त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं आणि बायकोला सांगितलं, "आपल्या इमारतीतून एकही निघता कामा नये."

"एकही काय?" काकूंनी विचारलं. सगळी इमारत त्यांना काकू म्हणायची.

"रोगी."

"आणि असला तर?"

"तयारी केल्यावर कसा असेल?" हेडसर म्हणाले.  

काकूंबद्दल हेडसरांची एकच तक्रार होती, ती म्हणजे जिना. इमारतीला लिफ्ट नाही आणि हे दोघं राहतात चौथ्या मजल्यावर. बाजारातून येताना हेडसर ताडताड वर जायचे आणि काकू दर मजल्याला गप्पा मारत उभ्या राहायच्या. पहिल्या मजल्यावर टेलरकाका, दुसऱ्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या मावशी, तिसऱ्यावर ड्रायव्हरकाका. जिन्यात काकूंची चाहूल लागली की दारं उघडायची. हेडसर वरून कठड्यावर वाकून "आली का?" म्हणून ओरडायचे आणि खालून कुणीतरी आपली कर्मकहाणी सांगत असल्याचा आवाज यायचा. गेल्या वर्षभरात तर हे व्यसन फारच वाढलं होतं. बँकवाल्या मावशींनी लाडाने आपल्या दारासमोर काकूंसाठी एक स्टूलसुद्धा आणून ठेवलं. 'जिन्यात कोणतीही वस्तू ठेवू नये' हा फलक स्वतः हेडसरांनी तिथेच लावलेला असताना. त्यांनी ते स्टूल त्याच दिवशी जप्त केलं. जप्त केलेलं स्टूल त्यांच्या घरात पंखा पुसायला फार उपयोगी पडत होतं.

असो. तपासणीसाठी तळमजल्याची सभेची खोली हवी होती. ती वापरायला सेक्रेटरीकडे अर्ज लागतो. हेडसरांनी सेक्रेटरीला, म्हणजे स्वतःला, रीतसर अर्ज लिहिला. संध्याकाळी तो सेक्रेटरी या नात्याने वाचायला घेतला तेव्हा त्यावर तारीख नसल्याचं लक्षात आलं आणि त्यांनी तो त्रुटी दाखवून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तो त्यांना परत मिळाला. त्यांचा संताप झाला, पण सेक्रेटरीचं चुकलेलं नव्हतं, हे त्यांना मान्य करावं लागलं. तेवढ्यात हॉस्पिटलातून तिसऱ्यांदा फोन येऊन गेला, की खोली मिळतेय की आम्ही पुढच्या इमारतीत जाऊ.

खोली एकदाची मिळाली आणि हेडसरांनी आपल्या बैठकीच्या खोलीत वर्ग सुरू केला. समोरच्या इमारतीत काय काय विचारलं याची माहिती त्यांनी गोड बोलून काढली होती. म्हाताऱ्यांना चार जिने चढवून वर आणलं. चौथ्या मजल्यापर्यंत पोचलेल्यांपैकी एकालाही धड बोलता येईना, तेव्हा हेडसरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि "दम लागतो का, या प्रश्नापासून सुरुवात करू," असं जाहीर केलं.

"लागतो," टेलरकाका छातीला हात लावून म्हणाले.

"चूक. पुन्हा."

"अहो, आत्ता लागलाय."

"आत्ता कुणी विचारलंय? परीक्षेत लागत नाही."

असा पाठ घोटला गेला. दम लागतो का, अजिबात नाही. पाय सुजतात का, कधीच नाही. झोपताना उशा किती, एक, तीही सवय म्हणून. हे शेवटचं ड्रायव्हरकाकांनी सुचवलं, कारण नुसतं 'एक' फार पाठ केल्यासारखं वाटतं असं त्यांचं म्हणणं पडलं. हेडसरांना ही सूचना इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्यांना लिहून घ्यायला लावली. त्यामुळे ती सगळ्यांचीच पाठ झाली.

काकूंची पाळी सगळ्यांत शेवटी आली.

"जिना चढताना दम लागतो का?"

"लागतो," काकू म्हणाल्या.

"चूक."

"झोपताना उशा?"

"तीन. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं, म्हणून—"

"एक. तीही सवय म्हणून. आणि तुला किती वेळा सांगितलं, विचारलं तेवढंच सांगावं. बोलण्याच्या नादात मार्क जातात."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. मग शहाण्या मुलीसारखं सगळं बरोबर म्हणून दाखवलं. संसारात त्यांनी पुष्कळ उत्तरं अशी दिली होती. हेडसरांनी समाधानाने मान हलवली आणि वर्ग पायांच्या सुजेकडे वळवला.

पायांचा प्रश्न अवघड होता, कारण पाय खोटं बोलत नाहीत. टेलरकाका म्हणाले, मी सगळ्यांना घट्ट मोजे शिवून देतो. बँकवाल्या मावशी म्हणाल्या, त्यांचे वळ उमटतील आणि चोरी पकडली जाईल. शेवटी ड्रायव्हरकाकांनी आपल्या नोकरीतला अनुभव सांगितला. दिवसभर गाडीत बसून पाय भरले की ते भिंतीला पाय लावून पडत आणि सूज उतरे. झालं. तपासणीच्या आदल्या दुपारी सगळी ज्येष्ठ मंडळी हेडसरांच्या बैठकीत ओळीने जमिनीवर उताणी पडली आणि पाय भिंतीवर गेले. नेमकं दार उघडं होतं आणि पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. त्याने आत डोकावलं, सगळे पाय वर बघितले, पत्र उंबऱ्यावर ठेवलं आणि सही न घेताच जिना उतरायला लागला. त्याला हाक मारून समजावून सांगावं म्हणून हेडसर उठायला गेले, तर त्यांना उठताच येईना. कुणालाच येईना. काकू तेवढ्या उठलेल्या होत्या. त्या मुळात नीट आडव्या झाल्याच नव्हत्या, भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकेकाला हात देऊन उठवलं आणि शेवटच्याला उठवल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. हेडसर तेव्हा भिंतीवर उमटलेले तळपाय ओल्या फडक्याने पुसत होते.

तपासणीला आलेली डॉक्टर तरुण होती, इतकी, की हेडसरांनी तिला आधी तिचं गणित कसं होतं ते विचारलं. तिने हसून पहिलं नाव पुकारलं. टेलरकाका पुढे जाऊन बसले. तयारी इतकी पक्की होती की तिने "नाव काय तुमचं?" विचारताच ते "अजिबात नाही," म्हणाले.

डॉक्टरने वर बघितलं. पुढचा प्रश्न विचारला. मग बँकवाल्या मावशींना तोच विचारला. मग ड्रायव्हरकाकांना. उशांच्या प्रश्नाला तिसऱ्यांदा "एक, तीही सवय म्हणून," हे उत्तर आलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि दारात उभ्या असलेल्या हेडसरांकडे नुसतं बघितलं. हेडसरांनी ती नजर कौतुकाची समजून किंचित मान झुकवली. त्यांची स्वतःची तपासणीही निर्वेध पार पडली. काकूंनीही घोकलेलं सगळं न चुकता म्हटलं. जास्तीचं एक अक्षर बोलल्या नाहीत. हेडसरांचा जीव भांड्यात पडला.

पण रक्ताची तयारी करून घ्यायची राहून गेली होती. एवढा अनुभवी माणूस आणि हे कसं सुटलं, याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. प्रत्येकाच्या बोटातला थेंब पट्टीवर गेला, पट्टी यंत्रात गेली आणि यंत्राने कुणाचीही भीडभाड न ठेवता हृदयावरच्या ताणाचे आकडे द्यायला सुरुवात केली. टेलरकाका पास. मावशी पास. ड्रायव्हरकाका पास, तेही इतके छान, की डॉक्टरने त्यांचं अभिनंदन केलं. हेडसर पास. समोरची इमारत आता कुठल्या तोंडाने बोलते ते बघतो, असा विचार हेडसरांच्या मनात चालू होता तेवढ्यात डॉक्टरने त्यांना बाजूला बोलावलं.

"तुमच्या मिसेसचा आकडा खूप जास्त आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्याच हॉस्पिटलात आणा त्यांना. हृदयाची सोनोग्राफी करून बघायला हवी."

हेडसरांच्या पायाखालची जमीन सरकली. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालचं कुणी नापास झालं नव्हतं आणि आता झालं ते घरातलंच. माणूस हादरला की त्याला जे येतं तेच तो करतो. हेडसरांनी फेरतपासणी मागितली.

"फेरतपासणी?"

"रीचेकिंग. बेरजेत चूक असू शकते. किंवा पेपर, म्हणजे रक्त, बदललं गेलं असेल. माझ्यामागून हिचंच होतं. तिची उत्तरं ऐकलीत ना तुम्ही? एकही चूक नाही."

डॉक्टरने दुसरा थेंब घेतला. आकडा जवळजवळ तोच आला. काकू बोटावर कापूस दाबून बसल्या होत्या आणि नवऱ्याकडे बघत होत्या, वर्गात उभं केलेलं मूल बघतं तसं. "माझं काही चुकलं का हो?" त्यांनी विचारलं.

हेडसर "नाही," म्हणाले. पण त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हॉस्पिटलात गेले. खिडकीवरच्या माणसाने कुठल्या विभागात जायचं ते विचारलं. हेडसरांनी पुन्हा एकदा, शेवटची आशा म्हणून, फेरतपासणीचा विभाग विचारला. तसा विभाग नाही, असं खिडकीने सांगितलं. मग निकालावर हरकत कुठे नोंदवायची, असं हेडसरांनी विचारलं. खिडकीने पार्किंगच्या हरकती दुसऱ्या खिडकीवर घेतात असं सांगितलं. हेडसर खरोखर त्या दुसऱ्या खिडकीपर्यंत गेले. तिथून परत आले तेव्हा काकू बाकावर पुढे झुकून, गुडघ्यांवर हात टेकून बसल्या होत्या. बसस्टॉपपासून इथपर्यंतचा रस्ता थोडा चढाचा होता. हेडसर नेहमीसारखे पुढे चालत आले होते.

सोनोग्राफीच्या खोलीत कालचीच डॉक्टर होती. पडद्यावर काकूंचं हृदय दिसायला लागलं. हेडसरांनी आयुष्यात कधी हृदय बघितलं नव्हतं, तरी त्यांना ते कळलं. मधल्या सुट्टीनंतर दमून आलेलं पोर दप्तर ओढत चालतं, तसं ते चाललं होतं. ते थांबत नव्हतं, पण त्याला जमतही नव्हतं. त्यांना एकदम भीती वाटली. खरी भीती, जी त्यांना इन्स्पेक्टरच्या तपासणीतसुद्धा कधी वाटली नव्हती.

"काकू," डॉक्टर म्हणाली, "कालचे प्रश्न मी पुन्हा विचारते. जिना चढताना दम लागतो का?"

काकूंनी तोंड उघडलं, मिटलं, एकदा हेडसरांकडे बघितलं आणि मग डॉक्टरला अगदी मनापासून विचारलं, "खरं सांगू, की बरोबर सांगू?"

 हेडसरांना धक्क्यावर धक्के बसत आले होते, पण हा धक्का वेगळा होता. तो त्यांना कानांत बसल्यासारखा वाटला.

"खरं सांगा," डॉक्टर म्हणाली.

मग काकूंनी सांगितलं. दम लागतो, वर्षभर झालं असेल. उशा तीन लागतात. संध्याकाळपर्यंत चपला घट्ट होतात. "वयामुळे होत असेल म्हटलं. आणि यांना उगीच घोर."

"चार मजले चढता ना? मध्ये थांबता?"

"थांबते की. प्रत्येक मजल्यावर. गप्पा मारायला."

"गप्पा आठवतात म्हणून थांबता, की दम लागतो म्हणून?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नुसतं उभं कसं राहणार जिन्यात," त्या शेवटी म्हणाल्या. "लोक विचारतात, काय झालं म्हणून. मग मीच विचारते, 'काय म्हणता?' एवढं विचारलं की पुरतं. पुढचं सगळं तेच बोलतात. तेवढ्यात माझा श्वास जागेवर येतो."

हेडसर भिंतीला टेकले. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर वाकून ते वर्षभर जे ऐकत आले होते ते त्यांना आता नीट ऐकू आलं. टेलरकाकांचा आवाज, मावशींचा आवाज, ड्रायव्हरकाकांचा आवाज. काकूंचा आवाज त्यात कधी नव्हताच. ज्या बाईला ते बडबडी म्हणत होते, ती जिन्यात 'काय म्हणता?' यापलीकडे एक शब्द बोलत नव्हती, कारण तिला बोलता येत नव्हतं. आणि बसायला मिळालेलं एकमेव स्टूल त्यांनी पंखा पुसायला नेलं होतं.

"बरं होईल ना हे?" त्यांनी विचारलं. आवाजात सेक्रेटरी नव्हता आणि हेडसरही नव्हता.

"वेळेवर कळलंय," डॉक्टर म्हणाली. "फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही, त्याची ताकद कमी झाली आहे. गोळ्या रोज घ्यायच्या, मीठ कमी, पाणी सांगितलं तेवढंच, रोज सकाळी वजन करायचं. पुष्कळ फरक पडतो. आणि जिना सावकाश. दम लागला की बसायचं, आणि बसल्यावर बोलायचं नाही. नुसता श्वास घ्यायचा."

"मग लोकांना काय वाटेल?" काकूंना काळजी पडली.

काकू गप्पांसाठी नव्हे, श्वासासाठी थांबायच्या, ही बातमी त्यांच्या आधीच इमारतीत पोचली होती. अशा बातम्यांना जिन्यात दम लागत नाही. सगळ्यांना जबर धक्का बसला आणि धक्का ओसरल्यावर थोडा रागही आला. ते दोघं वाटेत भाजी घेऊन परतले तेव्हा टेलरकाका पहिल्या मजल्यावर दारातच उभे होते.

"म्हणजे माझं ऐकून तुम्ही मोठा उसासा सोडायचात, तो माझ्यासाठी नव्हता?" त्यांनी दुखावलेल्या आवाजात विचारलं.

काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या, तोंडाने श्वास घेत. बोलायची तर मनाई होती. त्यांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी घसा खाकरला. या माणसाशी फलक आणि नोटीस सोडून दुसऱ्या कशावर बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

"काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

टेलरकाका दचकून एक पाऊल मागे सरकले. "सर, दुपारचं मशीन मी आता बंद ठेवतो," ते घाईने म्हणाले. "आवाज आला असेल तर तो आमचा नाही."

"नाही, तसं नाही. सहज. म्हणजे, कसं काय चाललंय?"

सेक्रेटरी सहज काही विचारतोय यावर विश्वास बसायला टेलरकाकांना जरा वेळ लागला. तेवढा वेळ काकूंना पुरला.

दुसऱ्या मजल्यावर मावशींचं दार अर्धवट उघडं होतं आणि मावशींचं तोंड पूर्ण बंद होतं. "मी तुला माझ्या सुनेचं सगळं सांगितलं," त्या अखेर काकूंना म्हणाल्या. "एक गोष्ट ठेवली नाही. तू मान हलवायचीस. मला वाटायचं, किती समजून घेते ही."

"तिला बोलता येत नव्हतं, मावशी," हेडसर म्हणाले.

काकूंनी मान जोरात हलवली. नाही, नाही. एक हात छातीवर ठेवला, दुसरा मावशींच्या हातावर. श्वास जरा आवरल्यावर, मनाई मोडून, त्या एवढंच म्हणाल्या, "ऐकायची मी. सगळं."

मावशींचे डोळे भरून आले. हेडसरांनी भाजीची पिशवी मावशींच्या हातात दिली आणि ते ताडताड वर गेले. जाताना ते नेहमीसारखेच गेले, पण या वेळी परत आले. त्यांच्या हातात स्टूल होतं. त्यांनी ते फलकाच्या बरोबर खाली ठेवलं आणि ते डुगडुगत नाही ना, हे दाबून बघितलं. मावशींनी फलक वाचला, स्टूल बघितलं आणि मग सेक्रेटरीकडे बघितलं.

"सर, नियम?"

"नियम मी केलाय. मी बघतो."

काकू स्टुलावर टेकल्या. पाठ भिंतीला लागली आणि खांदे हळूहळू खाली आले. हेडसर त्यांच्यासमोर वाकले. असे वाकून ते कुणाशी बोलल्याचं मावशींना आठवेना.

"दम लागलाय का?"

"लागलाय," काकू म्हणाल्या.

"बरोबर," हेडसर म्हणाले. त्यांनी मावशींच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली, स्वतः कठड्याला टेकले आणि मावशींकडे वळले. "हं, सांगा आता. सून काय म्हणते?"